मातीविना आलू: हवेत लटकलेल्या मुळांवरचं बेणं आपल्याकडे जमेल का?

पूर्णाकाठ

राम राम मंडळी. विषय आलूच्या बेण्याचा आहे, जरा लांब लिहितो.

आमच्याकडे सोयाबीन निघालं की ओलिताच्या वावरात हरभरा, कांदा, थोडा गहू. अलीकडे आम्ही काही कास्तकार आलूही लावतो. तीन महिन्यांत वावर मोकळं होतं आणि दर बरा लागला तर हरभऱ्यापेक्षा चार पैसे जास्त उरतात. घोडं अडतं ते बेण्यापाशी. एकराला १० ते १२ क्विंटल बेणं लागतं. ते येतं आग्र्याकडून नाहीतर पंजाबातून, तीन-चार हात फिरून. एकूण खर्चातला जवळपास निम्मा पैसा एकट्या बेण्यात जातो, आणि गोणीवर छापलेलं नि गोणीत भरलेलं एकच असेल याची हमी कोणी देत नाही.

गेल्या हंगामात एका व्यापाऱ्याकडच्या गोण्या लावल्या. झाड गुडघ्याला लागायच्या आत शेंड्याची पानं आखडून गोळा झाली. धुऱ्यापलीकडे दुसऱ्या लॉटचं झाड तरारून उभं. माती तीच, विहीर तीच, खतही तेच. काढल्यावर काही आलू मधून कापले, तर सालीच्या आत तपकिरी कडं आणि दाबलं की त्यातून पांढरट चिकट थेंब.

आता भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. थर्माकोलच्या झाकणावर आलूची झाडं, खाली बंद पेटीत मुळं नुसती हवेत लोंबलेली आणि त्यांना आलू लागलेले. मातीचा कण नाही. त्यावरून गावातली दोन पोरं शेड उभारायला निघालीत. एक कंपनीवाला येऊन गेला, म्हणतो युनिट आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलतो.

हे प्रकरण खरंच निरोगी बेणं देतं का? आणि देत असेल तर आपल्या उन्हात, आपल्या पाण्यावर, आपल्या लाईनीवर टिकेल का? ज्यांना माहिती आहे त्यांनी खुलून लिहा.

शेंदुरजना_कलम

वाचून राहिलो. बेण्यातूनच रोग येते हे आमाले संत्र्यानं शिकवलं हाय. रोपवाटिकेतल्या मातीतून डिंक्या घरी आणाचा, मंग बाग पाच-सात वर्षांची झाली का एकेक झाड वाळाले लागते. तवा औषधावर पैसा घालून काई होत नाई. आलूचंबी तसंच दिसते.

लॅबवाली

पूर्णाकाठ भाऊ, कापलेल्या आलूतलं तपकिरी कडं आणि चिकट थेंब म्हणजे बांगडी रोग, जिवाणूजन्य मर. शेंडा आखडणं हा बहुतेक विषाणूचा प्रकार, तो पांढरी माशी पसरवते. दोन्ही बेण्यातून येतात आणि दोन्हींवर फवारणीचा इलाज नाही. आलू आपण बीपासून नाही, कंदापासून लावतो, म्हणून आईला असलेला रोग लेकराला मिळतोच. दर पिढीला थोडा साचत जातो. त्यालाच आपण 'बेणं थकलं' म्हणतो.

मी केळीच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत काम करते, आलूचं काम आधीच्या नोकरीत केलंय. साखळी सुरुवातीपासून सांगते, कारण व्हिडिओत फक्त मधला तुकडा दाखवतात.

आधी कोंबाच्या अगदी टोकाचा ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा कण सूक्ष्मदर्शकाखाली कापून काढतात. तिथं विषाणू सहसा पोचलेला नसतो. त्यापासून बाटलीत रोप वाढवायचं, एलायझा आणि पीसीआर ह्या विषाणूच्या तपासण्या करून ते स्वच्छ असल्याची खात्री करायची, मग त्याच्या एकेका पेरापासून हजारो रोपं करायची. हे झालं प्रयोगशाळेचं काम. पुढं जुनी पद्धत अशी की ही रोपं जाळीघरात निर्जंतुक माध्यमात लावायची आणि एका रोपाला ८ ते १० लहान कंद घ्यायचे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं ह्याच जागी हवेतली पद्धत, म्हणजे एरोपोनिक्स, बसवली. ते एका रोपाला ३५ ते ६० कंद सांगतात.

पेटी आतून कशी असते? आत काळा प्लास्टिक, उजेडाचा एक किरणही जायला नको, नाहीतर कंद हिरवा होतो. तळाशी किंवा बाजूला नोझल. टायमरवर पंप सुरू होतो, काही सेकंद धुकं उडतं, मिनिटं थांबतो, पुन्हा सुरू. धुक्यातच अन्नद्रव्यं विरघळलेली. रोप जरा उंच झालं की खालची पानं काढून खोडाचा तेवढा भाग झाकणाखाली ढकलायचा. दबलेल्या प्रत्येक पेरातून पांढरे दोर फुटतात आणि त्या दोरांच्या टोकाला आलू धरतो. बाजूचा पडदा वर करून आत हात घालायचा, सुपारीएवढे झालेले तेवढेच बोटानं वळवून तोडायचे, मुळांना हिसका द्यायचा नाही. बारके तिथंच राहू द्यायचे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोडा. मातीत एकदाच उपटावं लागतं, इथं भेंडीसारखे तोडे मिळतात. एका रोपाचा आकडा फुगतो तो ह्यामुळं.

म्हणजे निरोगी बेणं मिळतं का, तर हो. बाटलीतलं रोप खरंच तपासलेलं असेल तर. पेटी रोग काढत नाही, फक्त नवीन येऊ देत नाही. बाजारातला आलू आणून पेटीत लावला तर पेटीतून त्याचाच रोग साठपट होऊन निघेल.

डीपी_जळली

ताईंनी भारी सांगितलं. आता माझ्या खात्यातलं बोलतो.

मातीत लाईन दोन दिवस गेली तरी झाड मरत नाही, मातीत ओल असते. इथं मुळं उघडी. धुकं थांबलं की घड्याळ सुरू. हिवाळ्याच्या रात्री थोडा वेळ मिळेल, दुपारी उकाड्यात मुळांची टोकं पाहता पाहता सुकतील. शेतीच्या फीडरवर आठ तास थ्री फेज, तीही कधी दिवसा कधी रात्री. त्या लाईनीवर हे उभंच करू नका. गावठाणच्या सिंगल फेजवर वेगळं मीटर घ्या.

लोकांना वाटतं फार मोठा जनरेटर लागेल. पंपापुरतं बोलाल तर नाही. अर्धा एचपी म्हणजे साधारण ३७० वॉट. पाच मिनिटांत ३० सेकंद चालला तर सरासरी ४० वॉटसुद्धा पडत नाही. सुरू होताना झटका कैकपट खातो म्हणून इन्व्हर्टर २ केव्हीएचा घ्या, पण १५० एएचची एक धड बॅटरी अख्खी रात्र काढून देते. पंप मात्र दोन ठेवा, एक बसवलेला आणि एक कपाटात. बंद पडला की मोबाइलवर घंटी वाजेल असं यंत्र बसवा. नोझल तुंबलं तर लाईन असूनही झाड मरतं, हे कोणी सांगत नाही.

पैसा खाते ती थंडाई. पाणी गार ठेवायचं चिलर, पंखे, ओले पॅड. ते बॅटरीवर चालत नाही. तिथं जनरेटर आला, डिझेल आलं. 'मागेल त्याला सौर पंप' मधला पंप लावू म्हणाल तर तो सूर्य मावळला की झोपतो, बॅटरी नसते त्याला.

पूर्णाकाठ

थंडाई किती दिवस लागेल पण? आपल्याकडे दिवाळीनंतर थंडी असतेच की.

लॅबवाली

हाच मुद्दा आहे भाऊ. आलूला कंद धरायला रात्र गार लागते, २० अंशांच्या आत. दिवसाचं तापमान ३० च्या वर सरकलं की कंद भरणं मंदावतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. फेब्रुवारी अर्धा गेला की दुपार तापू लागते, मार्चमध्ये शेडच्या आत काय होतं ते तुम्हीच जाणता. कुफरीला किंवा सिमल्याला पेटीतलं पीक पाच-सहा महिने तोडत राहतात. आपल्याकडे थंडाईशिवाय तीन-साडेतीन महिने मिळतील. तोडे कमी, म्हणजे कंद कमी. म्हणून कोणी ६० कंदांवर हिशोब मांडून दिला तर तो कागद बाजूला ठेवा. मी २० धरून चालेन.

कुफरी सूर्या नावाची जात २००६ साली खास उष्ण भागासाठी आली, रात्री जरा उबदार असल्या तरी ती कंद धरते. पण खुल्या वावरात तग धरणं वेगळं आणि बंद पेटीत पाणी तापणं वेगळं. मुळांना फवारलेलं पाणीच २५ च्या वर गेलं तर त्यात प्राणवायू कमी राहतो आणि पिथियमसारखी बुरशी उचल खाते. एका पेटीत शिरली की त्याच टाकीतलं पाणी सगळ्या पेट्यांत फिरतं.

सातगाव_पठार

पुणे जिल्ह्यातून लिहितोय, आंबेगाव-खेडच्या पठारावरून. आमच्याकडे खरिपात बटाटा असतो आणि आज्याच्या काळापासून बेणं बाहेरूनच येतं. मंचरच्या बाजारात पंजाबच्या गोण्या उतरतात. तेव्हा तुमचं दुखणं आमचंच.

पण एक हिशोब करून बघा म्हणजे हवा निघेल. ६० बाय २० सेंटिमीटरवर लावलं तर एकरी ३३ हजारांवर कंद बसतात. रोपाला ४० कंद धरले तरी एक एकर लावायला साडेआठशे रोपं झाली. ताईंच्या २० नं धरलं तर १,७०० रोपं. जागा म्हणाल तर चौरस मीटरला २५ रोपांप्रमाणे साडेआठशेला ३५ चौरस मीटर, एका मोठ्या खोलीत मावेल. इथवर गोड आहे.

आता तो पेटीतला कंद ५-७ ग्रॅमचा. शेतकऱ्याला हवा ३०-४० ग्रॅमचा, उगवण धडधाकट, दोन पाण्यांत अंतर पडलं तरी टिकणारा. पेटीतला कंद पहिल्या वर्षी वाढवायचा, दुसऱ्या वर्षी पुन्हा, कधी तिसऱ्यांदा. एका कंदाचे सहा बेण्याजोगे कंद मिळाले असं धरा: एका एकराचे पुढच्या वर्षी सहा एकर, त्याच्या पुढं छत्तीस. कागदावर. विकण्याजोगं बेणं हाती यायला तीन वर्षं. तोवर पैसा अडकलेला. युनिटवाला हे सांगतो का?

लॅबवाली

बरोबर. पेटीतल्या कंदाला जी-० म्हणतात, पुढच्या पिढ्यांना जी-१, जी-२. खरं बेणं तयार होतं ते ह्या पिढ्यांत, आणि बिघडतंही तिथंच.

मावा_आणि_मी

(निवृत्त, कृषी खात्यातून. कीटकशास्त्र.)

ह्या धाग्यात सगळे पेटीबद्दल बोलतायत, पेटीबाहेरच्या किड्याबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो.

भारतात मैदानी भागात निरोगी बेणं होऊच शकत नाही, ते डोंगरावरच करावं लागतं, अशी एकेकाळी समजूत होती. सिमल्याच्याच संस्थेतले डॉ. पुष्करनाथ यांनी १९५९ मध्ये ती मोडली. त्यांनी पाहिलं की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मावा जवळजवळ नसतो. त्या खिडकीत पीक घ्या, आणि शंभर संयुक्त पानांवर माव्याची संख्या २० ला पोचायच्या आत झाडाचा पाला कापून टाका. वरून पाला गेला, विषाणू कंदात उतरायला वाटच नाही. आज पंजाबचा बेण्याचा सगळा धंदा ह्या एका निरीक्षणावर उभा आहे.

आता आपल्याकडची खिडकी केवढी? आपल्याकडे थंडी उशिरा येते, लवकर जाते, आणि मावा जातच नाही पूर्ण. हरभऱ्याच्या शेजारी मोहरी, कुठं वांगी, कुठं मिरची. त्यात माझी खरी भीती पांढऱ्या माशीची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पराटी उभी असते, तिच्यावर पांढरी माशी बसलेली असते. कापसाचं पान जून झालं की ती कोवळं शोधते, आणि शेजारी नुकता उगवलेला आलू. पूर्णाकाठ यांनी लिहिलेला आखडलेला शेंडा मला तिथूनही आलेला दिसतो, सगळा दोष गोणीला देऊ नका.

फवारून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: पान गुंडाळणारा विषाणू माव्याच्या अंगात शिरून बाहेर यायला बरेच तास लागतात, तिथं कीटकनाशक थोडं तरी कामी येतं. वाय विषाणू मात्र मावा सोंड टोचतो त्या काही सेकंदांत सोडून मोकळा होतो. औषधानं मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

तेव्हा पेटीत लाखाचं बेणं करून ते पराटीच्या धुऱ्याला लावणार असाल तर पेटीवरचा खर्च वाया गेला समजा.

पूर्णाकाठ

साहेब, ही पराटीची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. ज्या वावरात आखडलं त्याच्या दोन बाजूंना पराटीच होती. चांगल्या लॉटचं वावर नाल्याकडे, तिकडे तूर.

देऊळगाव_नेट

मग आमच्याकडे या की! देऊळगाव राजा, सिंदखेड राजा पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं तयार करणं गावोगाव चालतं. टोमॅटो, मिरची, काकडी, कंपन्यांशी करार करून. किडा आत येऊ न देणं हे आमचं रोजचं काम आहे. दोन दरवाजे, मधल्या खोलीत पाय बुडवायचा, हात धुवायचे, पिवळे सापळे टांगलेले, आत बाहेरचा माणूस नाही. बायामाणसं चिमट्यानं फुलं उघडून परागीकरण करतात, त्यांना आलू तोडणं काय अवघड?

पेटी करायचीच नाही. तयार जी-० विकत आणायचा, १० गुंठ्यांच्या नेटमध्ये जी-१ करायचा, तो पुढं द्यायचा. माझा तर हिशोब जुळतोय.

लॅबवाली

देऊळगाव भाऊ, कल्पना चांगली, पण दोन खिळे ठोकते.

तुमच्या नेटमध्ये वर्षानुवर्षं टोमॅटो, मिरची, वांगी. सगळी आलूचीच भावकी. बांगडीचा जिवाणू टोमॅटोतही मर घडवतो आणि मातीत मुक्काम ठोकून राहतो. त्या मातीत स्वच्छ कंद लावला तर बेणं वरून सुंदर, आतून रोगट. तेव्हा खाली प्लास्टिक अंथरा आणि कोकोपीटच्या पिशव्यांत लावा. मातीविना म्हणजे हवेतच टांगायला पाहिजे असं थोडंच आहे? कोकोपीट धुऊन घ्या मात्र, त्यात मीठ असतं. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून निथळलं की सोडियम निघून जातं.

दुसरं, शेडनेट आणि कीडरोधक जाळी एक नव्हे. हिरव्या शेडनेटमधून पांढरी माशी आरामात जाते. निदान ४० मेशची पांढरी जाळी पाहिजे. ती लावली की वारा कमी होतो, आत तापतं. पुन्हा तेच, फेब्रुवारीच्या आत आटपा.

देऊळगाव_नेट

आमचं ४० मेशचंच आहे ताई. मातीचं मान्य. पिशव्यांचा खर्च धरून पुन्हा मांडतो.

सातपुडा_वारा

चिखलदऱ्याचं कोणी काढलं नाही म्हणून. समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या आसपास, विदर्भात कॉफी होते ते एकच ठिकाण. उन्हाळ्यातही रात्री गार. खाली अमरावती भाजत असताना आमच्याकडे पांघरूण लागतं. सभोवती पराटी नाही. साहेबांनी सांगितलेली खिडकी आमच्याकडे मोठी असणार.

अडचणी पण सांगतो नाहीतर उद्या सगळे वर याल. घाटातून लाईन येते, पावसाळ्यात झाड पडलं की गेली. जंगल लागून आहे. रानडुकराला आलूचा वास किती लांबून येतो ते विचारू नका, आणि सायाळ तर जाळीखालून खणून आत येते. कुंपण पक्कं, खाली दगड भरलेलं पाहिजे.

बिनपाण्याचा_मासा

धागा वाचून घरात सांगितलं की आपण हवेत आलू लावू. बायको म्हणाली आधी जमिनीत लावलेल्या पैशाचं काय झालं ते सांगा.

पूर्णाकाठ

😀 आमच्याकडे पण हाच प्रश्न येणार.

ताई, पाण्याचं विचारायचं राहिलं. आमची बोअर खारपाण पट्ट्यात आहे. चहा फाटतो कधी कधी.

लॅबवाली

मग पेटीचा विचार त्या बोअरवर करूच नका. मातीत क्षार थोडे दबतात, धुक्यात ते सरळ मुळावर बसतात. मूळ पाण्याची विद्युत वाहकता, ज्याला दुकानदार ईसी म्हणतात, ती १ च्या आत हवी. त्यावर खतं मिसळली की ती आणखी चढते. पूर्णेच्या दोन्ही काठांच्या बऱ्याच बोअर त्याच्या कितीतरी वर असतात. आरओ बसवता येतं, पण जितकं गोड पाणी मिळतं तितकंच खारं फेकावं लागतं, ते टाकणार कुठं? शेडच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवलं तर ते सगळ्यात चांगलं. पेट्यांना पाणी फार लागत नाही, कारण धुक्याचं उरलेलं परत टाकीत येतं.

खारपाणाबाहेर असाल तरी काळ्या मातीतल्या विहिरीचं पाणी अल्कधर्मी असतं. सामू, म्हणजे पीएच, आठच्या घरात. पेटीला ५.६ ते ६ लागतो. फॉस्फोरिक नाहीतर नायट्रिक ॲसिड थेंबाथेंबानं घालून खाली आणायचं, आणि रोज मोजायचं. आज बरोबर आहे म्हणून उद्या सोडायचं नाही, झाड अन्न घेईल तसा तो सरकतो.

खतं तीच जी तुम्ही ड्रिपला वापरता: १३:०:४५, १२:६१:०, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम नायट्रेट, चिलेटेड लोह आणि बाकीची सूक्ष्म. कॅल्शियम नायट्रेटची बादली मात्र वेगळी. घट्ट द्रावणात ते फॉस्फेट किंवा सल्फेटला भेटलं की तळाशी चुन्यासारखा साका बसतो, आणि मग डीपी भाऊंचं नोझल तुंबतं.

पैनगंगा

आमच्या तालुक्यात अशाच एका कंपनीनं दुसऱ्या पिकाचं मातीविना युनिट विकलं होतं. 'माल आम्ही उचलू' म्हणून. पहिला माल उचलला, दुसऱ्या वेळी फोन लागेना. शेड अजून उभं आहे, आत आता कोंबड्या आहेत. करारात माल उचलायचा दर, तारीख आणि न उचलल्यास काय, हे लिहिलं नसेल तर सही करू नका. आणि रोपं कोणत्या प्रयोगशाळेची, तपासणीचा अहवाल कुठाय, हेही लेखी मागा.

मावा_आणि_मी

पैनगंगा यांच्या मुद्द्याला जोडून कायद्याचं. स्वतःच्या वावरात स्वतःचं बेणं लावायला कोणी अडवत नाही. विकायचं म्हटलं की बियाणे कायदा १९६६ आणि बियाणे नियंत्रण आदेश १९८३ लागू, विक्रीचा परवाना लागतो. प्रमाणित म्हणून विकायचं तर शेताची नोंदणी, तपासणीच्या भेटी, टॅग. बीज प्रमाणीकरण यंत्रणेचं मुख्य कार्यालय आपल्या अकोल्यातच आहे, महाबीजचंही. मुंबई-पुण्याला जायची गरज नाही, एक चक्कर मारून विचारा.

एरोपोनिक्सचं तंत्रही सिमल्याची संस्था परवाना देऊन देते. करनालजवळ शामगढला हरियाणा सरकारचं केंद्र आहे, पाहण्यासारखं. मध्य प्रदेश सरकारनं २०२२ मध्ये ग्वाल्हेरसाठी करार केला. आणि जून २०२५ मध्ये पेरू देशातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या आग्र्याजवळच्या सिंगना इथल्या शाखेला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, १११.५ कोटींची. बघा, सगळं चाललंय ते सरकारी किंवा मोठ्या संस्थांच्या हातून. एकट्या शेतकऱ्यानं पेटी उभारावी असं मला ह्यात कुठं दिसत नाही.

डीपी_जळली

साहेब, इतकंही नाही. शेतकरी उत्पादक कंपनीनं मिळून उभारली तर? एक पगारी पोरगा ठेवला, रोज सामू-ईसी लिहून घेणारा, तर का नाही जमणार? लाईनीचं मी बघतो म्हणतो.

सातगाव_पठार

जमेल. पण आधी जी-१ आणून दोन हंगाम वाढवून बघा, विकून बघा, साठवून बघा. ते जमलं तर पेटी. उलट्या क्रमानं केलं तर पैनगंगावाल्यांच्या कोंबड्या.

साठवणीचं तर कोणी बोललंच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेलं बेणं ऑक्टोबरपर्यंत ठेवायचं आहे, मधे तुमचा मे महिना. २ ते ४ अंशांचं शीतगृह लागतं. बाहेर ठेवलं तर जूनमध्ये कोंब, आणि त्याआधी पाकोळी, म्हणजे बटाट्यावरचा पतंग. तिची अळी डोळ्यातून आत शिरली की गोणी गेली.

शेंदुरजना_कलम

नागपूरकडं शीतगृहं हायेत जी, पण मिरचीनं भरलेली राहतात. त्याईले विचारा लागन का आलूसाठी येगळी खोली देता का, अन् तेवढं गार ठेवता का. मिरचीले एवढी थंडी लागत नाई. अन् फळाच्या खोलीत आलू ठेवू नोका, पिकणाऱ्या फळाच्या वायूनं कोंबाचं गणित बिघडते.

लॅबवाली

खरंय. पेटीतल्या जी-० ला तर अजून जपावं लागतं. सतत दमट हवेत वाढल्यानं त्याच्या सालीवरची श्वासछिद्रं फुगलेली, पांढऱ्या फोडासारखी दिसतात. तोडून लगेच थंडीत टाकला तर तिथून सडतो. आधी धुवायचा, सावलीत पसरून साल पक्की होऊ द्यायची, मग जाळीच्या पिशवीत शीतगृहात. बाहेर काढल्यावर कोंब यायला उशीर होत असेल तर जिबरेलिक ॲसिडचं हलकं द्रावण देतात, पण ते अंदाजानं नको, जास्त झालं तर बारीक लांबट कोंब येतात.

अजून एक वाट आहे. कर्नाटकात हासनकडे शेंड्याच्या मुळं फुटलेल्या कलमा वापरतात. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ रोपाचा शेंडा कापून ट्रेमध्ये रुजवायचा आणि ते रोपच जाळीघरात लावायचं, मिरचीच्या रोपासारखं. पेटी नको, धुकं नको, लाईनीचा धाक नको. देऊळगाव भाऊ, तुमच्या लोकांना ट्रेतली रोपं लावायची सवय आहेच, तुमच्यासाठी हेच जास्त सोयीचं वाटतं मला.

देऊळगाव_नेट

हे ऐकून जीव भांड्यात पडला. ट्रे, कोकोपीट, ड्रिप सगळं घरात आहे. ही रोपं आपल्याकडे कोण देतं?

लॅबवाली

आपल्या भागात केळीच्या प्रयोगशाळा भरपूर आहेत, त्यांच्याकडं साधनं आहेत. आलूची तपासलेली मूळ रोपं सिमल्याहून आणावी लागतील आणि विषाणू तपासणीची सोय करावी लागेल. मागणी आधी गोळा करा. हजार-दोन हजार रोपांसाठी कोणी हात लावणार नाही, २०-२५ हजारांची मागणी एकदम घेऊन गेलात तर बोलणं होईल. आणि ऑक्टोबरला रोप हवं तर बोलणं फेब्रुवारी-मार्चमध्येच.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. इथवर वाचून आमच्या गटात बोललो. पोरांचं शेड सध्या थांबवलंय, ती थोडी नाराज आहेत पण कंपनीवाल्याला कराराचं लेखी मागितल्यावर तो "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाला, त्याचा अजून फोन नाही.

ठरलं असं: ह्या हंगामात व्यापाऱ्याचं बेणं घ्यायचं नाही, टॅगचं बेणं सगळ्यांनी मिळून एकत्र मागवायचं. लावायचं नाल्याकडच्या वावरांत, पराटीपासून लांब, पिवळे सापळे लावून, आणि त्यातलं एक वावर बेण्यासाठी राखून पाला वेळेत कापायचा. देऊळगाव भाऊ, तुमच्या नेटमधल्या जी-१ मध्ये आमचा वाटा धरा. निम्मा खर्च आमचा, पण माल कोकोपीटचा हं, मातीचा नको.

साहेब, शंभर पानं मोजायची कशी? कोणतीही पानं चालतात का?

मावा_आणि_मी

वावरात तिरकं चालत जा, दोन्ही कर्णांवर. कडेची झाडं सोडा. वेगवेगळ्या ३३-३४ झाडांची एक वरचं, एक मधलं, एक खालचं अशी तीन पानं घ्या. आलूचं संयुक्त पान म्हणजे देठावरची सगळी पर्णिका मिळून एक, एकेक पर्णिका मोजू नका. सकाळी मोजा, पान न तोडता हळूच उलटं करून, हिसका दिला तर मावा पडतो. डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा. २० ची वाट पाहू नका, आकडा चढू लागला की कोयते काढा. पाला कापल्यावर पुन्हा फुटवा आला तर तोही कापा, तो कोवळा असतो, मावा आधी तिथंच बसतो. त्यानंतर १०-१५ दिवस कंद जमिनीतच राहू द्या, साल पक्की होते.

पूर्णाकाठ

वहीत लिहून घेतलं. नाल्याकडच्या विहिरीचं पाणी गोड आहे, त्याची ईसी मोजून घ्यावी म्हणतो, पुढंमागं पेट्या झाल्याच तर. नमुना कसा घ्यायचा ताई?

लॅबवाली

मोटार सुरू करून दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून गळ्यापर्यंत भरायची, हवा ठेवायची नाही. खताची किंवा औषधाची रिकामी बाटली चालणार नाही. विहिरीचं नाव आणि तारीख लिहून त्याच दिवशी माती-पाणी तपासणीला द्या. ईसीबरोबर सामू, बायकार्बोनेट आणि सोडियमही लिहून मागा. एकदा आत्ता द्या आणि एकदा मे महिन्यात, पाणी खोल गेल्यावर. दोन्ही आकडे इथं टाका.